रमाबाई रानडे आणि रुग्णसेवेची वाट

रमाबाई रानडे (१८६२-१९२४) यांचे नाव महाराष्ट्रातील थोर समाजसेविकांमध्ये घेतले जाते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या त्या पत्नी. स्त्रियांना शिक्षण मिळावे आणि त्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे, म्हणून त्या आयुष्यभर झटल्या. परिचारिकेचे काम लोक हलके मानत होते, त्या काळात रमाबाईंनी त्या कामाला मान मिळवून दिला. ती हकिगत या पाठात सांगितली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी ना कधी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात गेला असाल. तुमची नानी किंवा दादी आजारी असेल, किंवा शेजारच्या एखाद्या मुलाचा हात मोडला असेल. तेथे तुम्ही परिचारिकेला पाहिले असेल. सगळे तिला सिस्टर म्हणून हाक मारतात. ती रुग्णाचा ताप पाहते, नाडी मोजते, वेळेवर औषध देते, जखम धुऊन पट्टी बांधते. रात्री आपण झोपतो, तेव्हाही ती जागी असते. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन जातात. पण परिचारिका चोवीस तास कोणी ना कोणी हजर असतेच. या कामाला मराठीत परिचर्या असे म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला तीमारदारी म्हणता.

आज एखाद्या मुलीने घरी सांगितले, की मला परिचारिका व्हायचे आहे, तर आईवडिलांना आनंद होतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असे नव्हते. परक्या माणसाच्या जखमा धुणे, त्याचे अंथरूण बदलणे, रात्री घराबाहेर राहणे या गोष्टी चांगल्या घरातल्या बायकांना शोभत नाहीत, असे लोक समजत. घरातल्या आजारी माणसाची सेवा केली, तर लोक त्या बाईला पुण्यवान म्हणत. तीच सेवा तिने रुग्णालयात परक्याची केली, तर तिला नावे ठेवत. सेवा तीच, हात तेच. पण लोकांची नजर वेगळी! ही नजर बदलण्याचे अवघड काम ज्यांनी केले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव फार वरचे आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी मुलींना लिहायला-वाचायला शिकवत नसत. मुलगी शिकली तर घरावर संकट येते, अशी वेडी समजूत होती. त्यामुळे लहानपणी रमाबाईंना अक्षरओळखही झाली नाही. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. त्यांचे पती महादेव गोविंद रानडे त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे होते. ते मोठे विद्वान होते. पुढे ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

मित्रांनो, या लग्नाची गोष्ट थोडी विचार करायला लावणारी आहे. रानडे समाजसुधारक होते. विधवांनी पुन्हा लग्न करावे, असा ते प्रचार करत. त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा लोकांना वाटले, की ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. त्यांनी लहान मुलीशी लग्न केले आणि लोकांनी त्यांच्यावर टीका केली. ती टीका चुकीची नव्हती. मात्र रानड्यांनी एक गोष्ट निश्चयाने केली. त्यांनी आपल्या पत्नीला शिकवायला सुरुवात केली. पाटी आणि पेन्सिल घेऊन रमाबाई मुळाक्षरे गिरवू लागल्या.

हे शिक्षण सोपे नव्हते. घर मोठे होते. घरात अनेक वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेने हातात पुस्तक धरावे, हे त्यांना मुळीच आवडत नसे. त्या टोमणे मारत, अबोला धरत. रमाबाईंना इंग्रजी शिकवायला एक इंग्रज बाई घरी येऊ लागल्या, तेव्हा तर घरात वादळच उठले. त्या बाईंना स्पर्श झाला म्हणून शिकवणी संपल्यावर रमाबाईंना आंघोळ करावी लागे. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. मराठी झाले, मग इंग्रजी झाले. पुढे त्या सभेत उभ्या राहून बोलू लागल्या.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? लोकांचा राग सहन करून आपले काम पुढे नेण्याचा पहिला धडा रमाबाई आपल्या घरातच शिकल्या. हा धडा त्यांना पुढे फार उपयोगी पडला.

१८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्या कामात सहभागी झाल्या. पुण्यात मुलींची माध्यमिक शाळा निघावी, म्हणून रानडे आणि त्यांच्या मित्रांनी खटपट केली. ती शाळा १८८४ साली सुरू झाली. पुढे रानडे मुंबईस गेले, तेव्हा रमाबाईंनी तेथेही स्त्रियांसाठी मंडळ काढले. त्या मंडळात स्त्रिया भाषा शिकत, शिवणकाम शिकत, सामान्य ज्ञानाची पुस्तके वाचत.

त्याच काळात एक मोठे संकट आले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि लवकरच ती पुण्यात पोहोचली. घरेच्या घरे ओस पडली. घरातली माणसेही रुग्णाजवळ जायला भीत असत. अशा वेळी पुण्यात सावित्रीबाई फुले स्वतः प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी दवाखाना उघडला होता. एका आजारी मुलाला उचलून तेथे नेताना सावित्रीबाईंना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मुलींची शाळा काढणाऱ्या या थोर बाईने रुग्णसेवा करतानाच प्राण सोडले. प्लेगने सर्वांना एक गोष्ट दाखवून दिली. औषध आहे, डॉक्टर आहे. पण रुग्णाजवळ बसणारे, शिकलेले हात नाहीत. नुसत्या दयेने रुग्ण बरा होत नाही. त्यासाठी शिक्षण हवे.

जगात हा विचार तेव्हा रुजू लागला होता. इंग्लंडच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८५४ साली त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेल्या आणि त्यांनी जखमी सैनिकांची सेवा केली. पुढे १८६० साली त्यांनी लंडनला परिचारिकांची शाळा सुरू केली. त्यांच्याही फार पूर्वी, इस्लामच्या पहिल्या काळात, हजरत रुफैदा अस्लमिया यांनी मदिनेत हेच काम केले होते. त्यांचा तंबू मस्जिदे नबवीजवळ होता. इसवी सन ६२७ मध्ये खंदकाच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवले होते. म्हणजे रुग्णसेवा हे स्त्रीला कमीपणा आणणारे काम आहे, असे कोणत्याही धर्माने शिकवलेले नाही. ती समजूत माणसांनी नंतर तयार केली.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. शेवटच्या आजारात रमाबाईंनीच त्यांची शुश्रूषा केली. आता त्या विधवा झाल्या. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते. त्या पुण्याच्या घरी येऊन राहिल्या. सुमारे वर्षभर त्या कोठे गेल्या नाहीत, सभेत बोलल्या नाहीत. त्या काळी विधवेचे जीवन फार कठीण असे. तिने चांगले कपडे घालायचे नाहीत, आनंदाच्या प्रसंगी पुढे यायचे नाही, घरातल्या कोपऱ्यात दिवस काढायचे, अशी रूढी होती. कितीतरी विधवा तर तुमच्याएवढ्या मुलीच असत. त्यांचे सारे आयुष्य पुढे पडलेले असे.

रमाबाईंनी कोपऱ्यात बसून राहायचे नाही, असे ठरवले. त्या येरवड्याच्या तुरुंगात जाऊन तेथील कैदी स्त्रियांशी बोलू लागल्या. रुग्णालयात जाऊन रुग्णांना फळे, फुले, पुस्तके देऊ लागल्या. १९०४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईला भारत महिला परिषद भरली. देशातल्या स्त्रियांनी एकत्र जमून आपल्या प्रश्नांवर बोलावे, यासाठी ती परिषद होती. तिचे अध्यक्षपद रमाबाईंना देण्यात आले. एकेकाळी पाटीवर अक्षरे गिरवायलाही ज्यांना घरात विरोध झाला, त्या आता देशातल्या स्त्रियांच्या परिषदेच्या अध्यक्ष झाल्या!

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन ही संस्था सुरू केली. मलबारी पारशी होते, गिडुमल सिंधी होते. स्त्रियांनी शिकावे, रुग्णांची आणि गरिबांची सेवा करावी, हा संस्थेचा हेतू होता. या कामासाठी त्यांना रमाबाईंची मदत हवी होती आणि रमाबाईंनी ती आनंदाने दिली. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदन निघाले. गोपाळ कृष्ण देवधर या तळमळीच्या कार्यकर्त्याने त्यासाठी खूप मेहनत घेतली. जागेचा प्रश्न आला, तेव्हा रमाबाईंनी आपला राहता वाडाच उघडून दिला. त्याच वाड्यात वर्ग भरू लागले. कोणी अक्षरे शिके, कोणी शिवण शिके, कोणी शिक्षिका होण्याची तयारी करी.

आता रमाबाईंनी सर्वांत अवघड कामाला हात घातला. पुण्यात ससून रुग्णालय होते. बगदादहून मुंबईला आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते उभे राहिले होते. सेवासदनातील स्त्रियांनी तेथे जाऊन परिचर्येचे रीतसर शिक्षण घ्यावे, असे रमाबाईंनी आणि देवधरांनी ठरवले.

विद्यार्थी मित्रांनो, हे ठरवणे सोपे होते. करणे अवघड होते. जरा विचार करा. त्या स्त्रियांपुढे कोणकोणत्या अडचणी असतील? पहिली अडचण घरच्या माणसांची. सून किंवा मुलगी रुग्णालयात काम करते, हे नातेवाइकांना सांगायचे कसे? दुसरी अडचण शिवाशिवीची. रुग्णालयात सर्व जातींचे, सर्व धर्मांचे लोक येतात. तेथे प्रत्येकाला स्पर्श करावा लागतो. तिसरी अडचण राहण्याची. रात्रपाळी करून एकटी बाई घरी कशी जाणार? आणि चौथी अडचण सर्वांत मोठी. लोक काय म्हणतील?

रमाबाईंनी या अडचणी एकेक करून दूर केल्या. त्या आणि देवधर विद्यार्थिनींच्या घरच्या लोकांना समजावत. शिकाऊ परिचारिकांसाठी सेवासदनाने स्वतंत्र वसतिगृह काढले. वसतिगृहामुळे राहण्याचा प्रश्न मिटला आणि पालकांची काळजीही कमी झाली. डॉक्टरकीचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीही दुसरे वसतिगृह निघाले. पण सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीचा समाजात मोठा मान होता. तो मान त्यांनी या मुलींच्या पाठीशी उभा केला. रमाबाई ज्या कामाला चांगले म्हणतात, ते काम हलके कसे असेल, असा विचार लोक करू लागले.

तरीही लोकांची नजर एका दिवसात बदलत नाही. त्या काळची एक आठवण सांगतात. सेवासदनाचा वार्षिक समारंभ होता. सभागृह भरले होते. वरच्या सज्जात महाविद्यालयातील तरुण विद्यार्थी बसले होते. बक्षिसे वाटणे सुरू झाले. एका विद्यार्थिनीचे नाव पुकारले गेले. ती तरुण विधवा होती. त्या वेळच्या रूढीप्रमाणे तिचे केस काढलेले होते. तिने आलवण, म्हणजे विधवेचे गडद तांबडे लुगडे नेसले होते आणि डोक्यावरून पदर घेतला होता. ती खाली मान घालून बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. तिला पाहताच सज्जातले विद्यार्थी हसू लागले, ओरडू लागले. तिची थट्टा करू लागले.

त्या मुलीला काय वाटले असेल? आयुष्यात पहिल्यांदा तिला बक्षीस मिळत होते आणि त्याच क्षणी शेकडो माणसांसमोर तिची चेष्टा होत होती.

समारंभ पुढे चालू राहिला. शेवटी रमाबाई आभार मानायला उभ्या राहिल्या. त्या नेहमी शांतपणे, मोजके बोलत. पण त्या दिवशी त्यांचा आवाज दाटून आला. त्या सज्जातल्या तरुणांकडे पाहून बोलू लागल्या. तुम्हांला शिकलेले तरी कसे म्हणायचे, असे त्यांनी त्यांना विचारले. जिच्यावर नशिबाने घाला घातला, तिला धीर द्यायचा सोडून तुम्ही हसता, याचे त्यांना दुःख झाले होते. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात एखादी विधवा बहीण, आत्या किंवा मावशी असेल. तिची आठवण तुम्हांला झाली नाही का, असे त्यांनी विचारले. सभागृह स्तब्ध झाले. मघाशी हसणाऱ्या तरुणांच्या माना खाली गेल्या.

त्या दिवशी रमाबाईंनी कोणाला शिक्षा केली नाही. त्यांनी फक्त त्या तरुणांना स्वतःच्या घराची आठवण करून दिली. नेतृत्व म्हणजे नुसते पुढे चालणे नव्हे. आपल्या मागून येणाऱ्या दुबळ्या माणसाची कोणी थट्टा केली, तर वळून त्याच्या शेजारी उभे राहणे, हेही नेतृत्वच आहे.

रमाबाईंचे कार्य रुग्णालयापुरते राहिले नाही. पुण्याजवळ आळंदी येथे संत ज्ञानेश्वरांची समाधी आहे. आषाढी-कार्तिकीच्या वेळी तेथे वारकऱ्यांची मोठी गर्दी होते. तुमच्या परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उर्साला किती दूरदूरचे लोक येतात, ते तुम्ही पाहिलेच आहे. अशा गर्दीत कोणी आजारी पडते, कोणाचे मूल हरवते, कोणाला चक्कर येते. रमाबाई सेवासदनातील स्त्रियांना घेऊन आळंदीच्या यात्रेत जात आणि यात्रेकरूंची सेवा करत. ज्या स्त्रियांनी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू नये असे म्हणत, त्याच आता हजारो लोकांच्या गर्दीत धीटपणे काम करू लागल्या. हे दृश्य लोकांना नवीन होते.

पुण्यात मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा मुलींनाही तेच शिक्षण मिळावे, म्हणून रमाबाई आणि इतर स्त्रियांनी रस्त्यावर येऊन मागणी केली. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, यासाठीही त्या पुढे होत्या. न्यायमूर्तींच्या सहवासाच्या आठवणींचे त्यांनी लिहिलेले पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. आता पाहा, अकराव्या वर्षापर्यंत जिला एक अक्षरही येत नव्हते, त्याच मुलीने पुढे हे पुस्तक लिहिले.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी सेवासदनाचा एका वाड्यातला छोटा झरा मोठ्या नदीसारखा झाला होता. शेकडो स्त्रिया तेथे शिकत होत्या. १९६२ साली, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

रमाबाईंच्या हयातीतच देशातील परिचारिका संघटित होऊ लागल्या होत्या. १९०८ साली प्रशिक्षित परिचारिकांचा अखिल भारतीय संघ सुरू झाला. १९४७ मध्ये परिचर्येच्या शिक्षणासाठी देशभर एकच नियम असावेत, म्हणून कायदा झाला. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. आता परिचर्येत पदवी मिळते, त्यापुढचेही शिक्षण घेता येते. परिचारिकांच्या परिषदा भरतात. रुग्णालयाचा कारभार कसा सुधारावा, नव्या मुलींना कसे शिकवावे, परिचारिकांनी नेतृत्व कसे करावे, यांवर त्या परिषदांत चर्चा होते. मुलगेही आता हे शिक्षण घेतात. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा घरची माणसेही रुग्णाला भेटू शकत नव्हती. त्या वेळी रुग्णाच्या उशाशी कोण होते, हे सर्वांनी पाहिले.

मित्रांनो, पुढच्या वेळी तुम्ही रुग्णालयात जाल, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरकडे जरा लक्ष देऊन पाहा. तिचा पांढरा पोशाख, तिच्या हातातली नोंदवही, तिची घाईची पावले पाहा. तिला ज्या वाटेने येथे येता आले, ती वाट कोणीतरी काटे वेचून मोकळी केली आहे. त्या वाटेवर एक तरुण विधवा खाली मान घालून चालत होती. लोक तिला हसत होते. पण रमाबाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या मुलीची खाली गेलेली मान वर झाली, म्हणून आजची सिस्टर ताठ मानेने चालते आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रमाबाईंचा जन्म कोठे झाला?
(आ) पुण्याचे सेवासदन कोणत्या साली सुरू झाले?
(इ) सेवासदनातील स्त्रिया परिचर्या शिकायला कोणत्या रुग्णालयात जात?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) परिचर्या शिकणाऱ्या स्त्रियांपुढे कोणत्या अडचणी होत्या?
(आ) वार्षिक समारंभात रमाबाईंना दुःख का झाले?

३. तुमच्या घरात कोणी आजारी असताना तुम्ही काय काय मदत केली, ते आठ-दहा ओळींत लिहा.

४. परिचर्येसाठी उर्दूत कोणता शब्द आहे? सेवा, रुग्ण, धीर या शब्दांसाठी उर्दूतील शब्द शोधा आणि प्रत्येक मराठी शब्द वाक्यात वापरा.